अकराच्या बाजूने

वाद शिकायचा असेल तर तो अशा विषयावर शिकावा, ज्यात आपले काहीही अडकलेले नाही, असे अण्णांचे ठाम मत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. शहरातल्या एका अनुदानित शाळेत ते मराठी शिकवीत आणि तिथल्या वादविवाद संघाची तयारी करून घेत. आपले काही अडकलेले असले की माणूस वाद करीत नाही, भांडतो, आणि भांडणाऱ्याला समोरच्याचे ऐकू येत नाही, असे ते म्हणत. मी आठवीत असताना त्यांनी मला शिकवायला घेतले, तेव्हा पहिला प्रश्न विषयाचाच आला. विज्ञान शाप की वरदान यावर मी न अडखळता बोलत असे, कारण ते सगळे मला पाठ होते. अण्णांनी ते तिसऱ्या वाक्याला थांबवले. क्रिकेटचा विषय घेतला तर माझ्या डोळ्यांत पाणी येई. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीच्या वाहिन्या बदलता बदलता चिखलात लोळणारी काही माणसे दिसली आणि अण्णा खुर्चीत सरळ होऊन बसले.

“यांच्यात तुझं कोणी आहे का?”

“नाही.”

“माझं बी कोणी नाही. मग हेच.”

अशा रीतीने आयर्लंडच्या रग्बी संघातील दोन कडेच्या खेळाडूंचे गुणदोष हा आमच्या घरातील वादाचा विषय ठरला. आयर्लंडच का, याचे कारण फार साधे आहे. आमच्या जुन्या टीव्हीतला लाल रंग गेला होता आणि निळा जाण्याच्या वाटेवर होता. हिरवा तेवढा शाबूत होता. त्यामुळे हिरव्या पोशाखातला संघ आम्हाला माणसांसारखा दिसे, बाकीचे सगळे संघ राखेतून उठून आल्यासारखे दिसत.

आम्ही उस्मानपुऱ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे अण्णा आणि मी. आई गंगापूरला असे. तीही शिक्षिका होती. गंगापूरजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत असे. अण्णाही पूर्वी त्याच शाळेत होते, तिथेच त्यांचे लग्न जमले, आणि त्या काळापासून ते दोघे एकमेकांना ‘सर’ आणि ‘बाई’ म्हणत. आजच्या वाचकाला यात दुरावा दिसेल. मला त्यात, निदान लहानपणी, कधी दुरावा दिसला नाही. कपाळावरच्या कुंकवासारखे ते तिथे असायचेच. मला शहरातली शाळा मिळावी म्हणून अण्णा इकडे आले. आईच्या बदलीचे पुढच्या वर्षी होईल, असे दरवर्षी म्हटले जाई. ती शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एसटीने येई आणि रविवारी संध्याकाळी परत जाई. येताना तिच्या पिशवीत ज्वारीचे पीठ असे, आमटीसाठी घरी दळलेला येसर असे, आणि थंडीच्या अखेरीस हरभऱ्याचे डहाळे असत. त्या दिवशी घरात भाकरी थापल्याचा आवाज होई. इतर दिवशी अण्णा खिचडी करीत किंवा वरणभात करीत. त्यांच्या खिचडीत काहीही कमी नसे आणि काहीही जास्त नसे. ती खाताना आपण एखादे नीट सोडवलेले उदाहरण खात आहोत, असे मला वाटे.

घरात आवाज फारसे नव्हते. कुकरची शिट्टी, नळाला पाणी आले की टाकीत पडणारी धार, पलीकडच्या गल्लीतली अजान, आणि खाली घरमालकांचा खोकला. घरमालकांना सगळे चाचा म्हणत; केबलची तार त्यांच्याच घरातून वर आलेली होती. टीव्हीचा आवाज मात्र अण्णा सामना सुरू होताच बंद करीत. समालोचकाचे मत कानावर पडले तर आपले मत मळते, असा त्यांचा आक्षेप होता. खरे तर ते इंग्रजी आम्हा दोघांनाही समजत नव्हते, पण नियम तो नियम. त्यामुळे तो धटिंगण खेळ आमच्या घरात अगदी मुकाट खेळला जाई. माणसे एकमेकांवर आदळत आणि आवाज फक्त आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा येई. चाचा कधी दिव्याच्या बिलाचे सांगायला वर येत आणि दारातच थबकत.

“मास्टर, ये कुश्ती है की फुटबॉल? एक गेंद के वास्ते इत्ते जने एक के उप्पर एक!”

“चाचा, वाद चालू आहे आमचा.”

“चलने दो, चलने दो. हमारे घर में भी चलताच है. बिना गेंद के.”

खेळाचा थोडा परिचय येथे करून देणे योग्य होईल. एका संघात पंधरा जण असतात. चेंडू लहान पपईच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन पुढे धावता येते, पायाने पुढे उडवता येतो, परंतु हाताने सोबत्याकडे द्यायचा झाल्यास मागच्या बाजूलाच द्यावा लागतो. पुढे जायचे आणि द्यायचे मात्र मागे, या नियमाने अण्णा इतके प्रसन्न झाले की त्यांनी तो शाळेत दोन वर्गांना सांगितला. समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतात; आम्ही त्याला टेकवणी म्हणत असू. मैदानाच्या अगदी डाव्या कडेला जो उभा असतो त्याच्या पाठीवर अकरा आकडा असतो आणि उजव्या कडेला असतो त्याच्या पाठीवर चौदा. आम्ही त्यांना अकरा आणि चौदा एवढेच म्हणत होतो. खरी नावे पडद्यावर येत, पण ती वाचायची नाहीत असे अण्णांनी ठरवून दिले होते. नाव आले की लळा लागतो, आणि लळा लागला की वाद संपला.

अकराची बाजू माझ्याकडे होती. अण्णा चौदाच्या बाजूने बोलत. अकरा आपली कड सोडत नसे. चेंडू मधल्या गर्दीत कितीही वेळ अडकून पडो, तो पांढऱ्या रेषेजवळ उभा राही, अर्ध्या चड्डीला तळवे पुसे, आणि पुन्हा उभा राही. चौदा वेगळा होता. चेंडू आपल्याकडे येत नाही असे दिसले की तो कड सोडून आत शिरे, गर्दीत घुसे, उंच उडवलेला चेंडू दोन माणसांच्या डोक्यांवरून छातीशी धरी. या दोघांवर आमचा वाद रविवारी सकाळी चहानंतर होई, आणि त्यात एक नियम सर्वांच्या वरचा होता. आपले मत मांडण्याआधी समोरच्याचा पक्ष मांडायचा. तोही असा मांडायचा की समोरच्याने ऐकून ‘हेच’ म्हटले पाहिजे. तो ‘हेच’ म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडायचे. त्याआधी स्वतःच्या बाजूचा एक शब्दही काढायचा नाही. याला पूर्वपक्ष म्हणतात. आपल्या जुन्या शास्त्रचर्चांत तो असे, आणि अण्णांच्या मते आजच्या भाषणांत नेमका तोच उरलेला नाही.

“चौदाच्या बाजूचं म्हणणं असं,” मी उभी राहून सुरुवात करी, “की तो वाट बघत बसत नाही—”

“बसत नाही नव्हे. तिथं बसलेला कोणीच नाही. थांबत नाही.”

“वाट बघत थांबत नाही. काम आपल्याकडे आलं नाही तर तो कामाकडे जातो. उंच चेंडूखाली त्याचे डोळे मिटत नाहीत.”

“आणि?”

“आणि त्याच्या मागं त्याची कड मोकळी पडते.”

“हा पूर्वपक्ष नव्हे, हे खंडन झालं. चोरून आत आणलंस. पुन्हा.”

मी पुन्हा मांडत असे. मग ‘हेच’ मिळे आणि अण्णांची पाळी येई. अकराचा पक्ष त्यांच्या तोंडून ऐकताना मला दर वेळी नवल वाटे, कारण तो माझ्यापेक्षा तेच चांगला मांडत. “अकरा कडेला थांबतो,” ते म्हणत, “कारण थांबणं हेच त्याचं काम आहे. तो तिथं आहे म्हणून समोरच्यांनाही एक माणूस तिथंच खिळवून ठेवावा लागतो. म्हणजे हातात चेंडू नसतानाही तो मैदान रुंद ठेवतो. तो आत आला तर सगळाच खेळ आखडेल.” मी ‘हेच’ म्हणे आणि ते लगेच त्याचे वाभाडे काढायला घेत. तरुणपणी अण्णा कबड्डी खेळत, डावा कोपरा म्हणून, म्हणजे पकडणाऱ्यांच्या रांगेच्या डाव्या टोकाला, आणि कडेचा प्रत्येक माणूस त्यांना कोपराच दिसे.

“पकड बघ त्याची! गळ्यात पडायलाय. कोपऱ्यानं आधी पाय धरायचा असतो.”

“अण्णा, हा कबड्डीचा नियम आहे.”

“पाय सगळीकडं पायच असतो.”

“आणि कोपऱ्याचा हात शेजारच्या गड्याच्या हातात असतो. साखळी असते. अकराच्या हाताला कोणीच नाही.”

अण्णा त्यावर म्हणाले, “हा मुद्दा चांगला आहे.” त्यांनी चांगला म्हटलेला मुद्दा मी आठवडाभर मनात घोळवीत असे.

घोळवायला दुसरे काही नव्हते, हेही खरे. शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या बाईंनी हजेरीत काही विचारले, मी ‘व्हय बाई’ म्हणाले, आणि वर्ग हसला. त्यानंतर माझे नाव वैजयंती राहिले नाही, व्हयबाई झाले. मुली वाईट नव्हत्या. त्या मला डबा खायला बोलावीत, आणि मी बोलले की मान खाली घालून एकमेकींकडे बघत. मग मी बोलणे कमी केले. मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेला, जिथे पाण्याच्या टाकीची सावली पडे, तिथे उभी राहत असे आणि खेळ माझ्याकडे येईल असा चेहरा करून ठेवीत असे. अण्णांनी मला वाद शिकवायला का घेतले, हे मला फार उशिरा कळले. मी स्पर्धेत बोलावे यासाठी ते नव्हतेच. मी बोलावे एवढ्यासाठी होते. आज माझ्या वर्गात एखादी मुलगी शेवटच्या बाकावर असाच चेहरा करून बसलेली दिसली की मी तिला फळा पुसायला बोलावते. त्याने फार काही होत नाही. पण तिला जागेवरून उठावे लागते, आणि उठलेल्या माणसाशी कोणीतरी बोलते.

संध्याकाळी अण्णांच्या शिकवण्या असत. ते परत येईपर्यंत मी खिडकीत बसून अकराच्या बाजूचे मुद्दे तयार करी. कधी कधी ते मोठ्याने बोलून पाही, आणि रिकाम्या खोलीत स्वतःलाच ‘हेच’ म्हणे. स्वतःला हेच म्हणणे फार सोपे असते. म्हणून त्यात काही राम नसतो.

त्या वर्षी थंडी उतरणीला लागली असताना एका शनिवारी आई आली ती पिशवी खाली ठेवण्याआधीच म्हणाली, “सर, बढतीचं आलं.” तिच्याच शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली होती आणि ती तिला देऊ केली होती. सोमवारी होकार किंवा नकार कळवायचा होता. होकार दिला तर पुढची कित्येक वर्षे ती तिथून हलणार नव्हती. नकार दिला, तर पती-पत्नी एकत्र राहावेत म्हणून बदलीची जी सोय असते, त्यात तिचा नंबर त्या वर्षी लागण्यासारखा होता. शहराच्या अगदी लगतच्या एका गावात जागा होती. म्हणजे रोज संध्याकाळी ती घरी येणार होती. मी एवढे ऐकले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावू लागले, कारण माझा चेहरा मला आवरता येईना.

“काय करू म्हणता?” आईने विचारले.

“निर्णय तुमचा आहे, बाई.”

“ते मला ठाऊक हाय. तुम्हाला काय वाटतं?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. “अभिनंदन आधी,” ते म्हणाले. “लई चांगली गोष्ट झाली.” आणि टीव्ही लावला.

आई गच्चीवर कपडे काढायला गेली तेव्हा मी त्यांना हळूच म्हटले, “अण्णा, सांगा की तिला. या म्हणा.” ते पडद्याकडेच बघत राहिले. “त्यात माझं अडकलेलं आहे, वैजू. अडकलेल्या माणसानं बोलू नये.” माझेही अडकलेले होते. पण मला कोणी विचारलेले नव्हते, त्यामुळे न बोलण्याचा मोठेपणाही माझ्या वाट्याला आला नाही.

त्या संध्याकाळी आयर्लंडचा सामना होता. आई खाली सतरंजीवर बसून डहाळ्यांचे घाटे सोलत होती, तिच्यासमोर हिरव्या सालींचा ढीग वाढत होता आणि खोलीत ओल्या हरभऱ्याचा आंबूस वास भरला होता. तिला त्या खेळात रस नव्हता. हात चालू असताना डोळ्यांना कुठेतरी ठेवायचे म्हणून ती बघत होती. मध्येच ती म्हणाली, “हा तो नाय.”

“कोण तो?” मी विचारले.

“तुझा अकरा गं. मागं मी बघितला तवा जो होता, त्याचे कान बाहेर होते. हा बारका आहे. आन् चेंडू डाव्या बगलेत धरायलाय.”

“अकराच आहे,” अण्णा म्हणाले. “पाठीवर आकडा बघा.”

“आकडा तोच आहे, सर. माणूस दुसरा आहे.”

अण्णा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. मीही गेले. ती बरोबर होती. चौदाही तपासला, आमच्या आठवणीतला चौदा उंच होता आणि हा नव्हता. आम्ही नावे वाचायची नाहीत असे ठरवले होते, आवाज बंद ठेवला होता, आणि त्या शिस्तीत एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती की दुखापत होते, माणसे बदलतात, आणि तोच आकडा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. एकाने सोडलेल्या चेंडूबद्दल आम्ही दुसऱ्याला बोल लावला होता. एकाच्या वेगाची वाहवा तिसऱ्याच्या पदरात घातली होती.

आईला हसू आवरेना. “म्हणजे इतके दिवस तुम्ही जागेबद्दल बोलायले होते. माणसाबद्दल नाय.”

“जागेचेही गुणदोष असतात,” अण्णा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

“असतात की. जागेवर कोणी बी उभं ऱ्हायलं म्हणजे झालं, व्हय ना?” आई अजून हसतच होती, पण तिचे हात थांबले होते. अण्णा परत खुर्चीत जाऊन बसले. आयर्लंड जिंकले की हरले, हे आज मला आठवत नाही.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर अण्णांनी नेहमीसारखी खुर्ची भिंतीला लावली. आईने परीक्षक व्हावे असे ठरले. मी उभी राहून चौदाचा पूर्वपक्ष सुरू केला, पण कोणत्या चौदाचा, हे मलाच कळेना, आणि मी अडखळले.

“बस जरा,” आई म्हणाली. “सर, एक विषय मी देऊ का?”

“द्या की.”

“बाईंनी यावं का ऱ्हावं.”

अण्णा ताठ झाले. “त्यावर वाद होत नाही, बाई.”

“वाद नका करू. तुमचं मत बी नको मला. पूर्वपक्ष तेवढा मांडा. माझा. लेकराला दर रविवारी शिकवता, मला एकदा ऐकू द्या.”

अण्णा उठले नाहीत. बसूनच त्यांनी सुरुवात केली, आणि सवयीप्रमाणे आधी ते वर्गातल्या आवाजात बोलले. “बाईंच्या बाजूचं म्हणणं असं, की बढती ही त्यांच्या कामाची पावती आहे आणि—”

“हे नाय. हे भाषण झालं. पुन्हा.”

अण्णांना ‘पुन्हा’ म्हणणारे कोणी मी पाहिले नव्हते. त्यांनी खिडकीकडे तोंड केले आणि ते अगदी हळू बोलू लागले.

“बाईंना ती शाळा सोडवत नाही. त्या वस्तीवरच्या पोरी चौथीनंतर घरी बसायच्या, त्या आता गंगापूरला शिकायला जातात, कारण बाई त्यांच्या घरी जाऊन ओट्यावर बसल्या आणि पोरीला पाठवतो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. तिथं त्यांना कोणी सरांची बायको म्हणत नाही. मीच तिथं गेलो तर मला बाईंचे मालक म्हणतात. इथं आल्या तर त्या परत कुणाच्या तरी हाताखाली जातील, आणि ते कुरकुर न करता करतील, आणि ते आम्हाला दिसणार नाही.” ते थांबले. “शनिवारी बाई येतात तेव्हा त्यांच्या पायांत घाई असते. रविवारी जाताना ती जास्त असते. हे त्यांना स्वतःलाही आवडत नाही. म्हणून त्या विचारायल्यात. परवानगीसाठी नाही. घाई असली तर चालेल का, एवढंच विचारायल्यात.”

आईने पदर तोंडाला लावला होता. पदराआडूनच ती म्हणाली, “हेच.”

मग तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली, “आता तुमचा मी मांडते. सरांना वाटतं, बाईंनी यावं. रोज संध्याकाळी जिन्यात पाय वाजले की ते कान टवकारतात. पण मागितलं आणि बाई आल्या, आणि उद्या कधी बाईंनी उसासा टाकला, तर तो सरांच्या डोक्यावर. ते त्यांना सोसायचं नाय. म्हणून सर मागत नाहीत, आणि त्याला नियम म्हणतात.”

अण्णांनी मान हलवली. नियमाप्रमाणे मान हलवून भागत नाही. तोंडाने म्हणावे लागते. ते त्यांनाही आठवले असावे. “हेच,” ते म्हणाले.

मी वाट बघत राहिले. पूर्वपक्षानंतर खंडन येते. कोणीतरी आता उठून म्हणेल की हे सगळे बरोबर आहे, परंतु. तो ‘परंतु’ माझा होता; माझे सगळे सुख त्यात होते. पण दोघांपैकी कोणीही उठले नाही. मी वर्षानुवर्षे मुलांना वाद शिकवला आहे आणि एक गोष्ट मला त्या सकाळखेरीज पुन्हा दिसली नाही: समोरच्याचे म्हणणे दोन्ही बाजूंनी इतके नेमके मांडले जाणे, की ते खोडायला हातच उठू नये. अण्णांनी आईची बाजू इतकी चांगली मांडली की ती जिंकली. चुलीपाशी, म्हणजे आमच्या गॅसपाशी, जाऊन आईने येसराच्या आमटीला फोडणी दिली, ठसक्याने आम्हा तिघांच्याही डोळ्यांना पाणी आले, आणि त्यामुळे कोणाला कोणाचे काही विचारावे लागले नाही. जेवताना अण्णा म्हणाले, “उद्या सकाळीच कळवून टाका मग.” आई म्हणाली, “व्हय.”

संध्याकाळी तिला पोचवायला बसस्थानकावर एरवी अण्णा जात. त्या दिवशी ती म्हणाली, वैजूला येऊ द्या. आम्ही रिक्षाने गेलो. तेव्हा गाड्यांच्या पाट्यांवर शहराचे जुने नाव असे. आता नवे आहे, पण गंगापूरच्या गाड्या लागतात ती कडेची जागा आणि तिथला डिझेलचा वास तसाच आहे. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. गाडी लागलेली होती, माणसे चढत होती, आणि आई उठण्याऐवजी पर्स मांडीवर घेऊन माझ्याकडे वळली.

“तुझा राहिला की गं,” ती म्हणाली. “मांडू?”

मी खांदे उडवले.

“वैजूला वाटतं, आईनं आपल्यासाठी यायला पाहिजे होतं. आन् सकाळी दोघांनी एकमेकांचं नीट सांगितलं, पण मला कोणी विचारलंच नाय.”

यात काहीही चुकलेले नव्हते. अण्णा असते तर त्यांनी ‘हेच’ म्हणायला लावले असते. मी म्हणाले, “नाही. थोडं चुकलं.”

आई विचारात पडली. वाहकाने गंगापूर, गंगापूर असा पुकारा केला, दार आपटले, आणि गाडी गेली. आईने तिच्याकडे बघितले आणि पुन्हा माझ्याकडे बघितले. “बरं. पुन्हा. वैजूला वाटतं, दुसऱ्यांच्या पोरींसाठी आई ओट्यावर बसून ऱ्हाते, आन् स्वतःच्या पोरीच्या घरून उठून जाते.”

हे पहिल्यापेक्षाही खरे होते. “नाही,” मी म्हणाले.

पुढची गाडी लागली. आईने पिशवीतून मूठभर सोललेला हरभरा काढून माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही तो खाल्ला. ती तिसऱ्यांदा मांडू लागली, शाळेतले, व्हयबाईचे, संध्याकाळच्या रिकाम्या खोलीचे. मी तिला कधीही न सांगितलेले सगळे तिने एकामागून एक सांगितले. मी दर वेळी नाही म्हणाले. ती गाडीही गेली. दिवे लागले. फलाटावर झाडू मारणाऱ्या बाईने आम्हाला पाय वर घ्यायला लावले आणि आम्ही दोघींनी ते वर घेतले. गंगापूरला जाणारी शेवटची गाडी धूर सोडत मागे मागे येऊन फलाटाला लागली, चालक खाली उतरून चहाला गेला, आणि आईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“वैजूला वाटतं,” ती म्हणाली, “आईनं अजून थोडा वेळ बसावं.”

“हेच,” मी म्हणाले.

चालकाचा चहा होईपर्यंत ती बसली. मग गाडीत चढली.